गल्लीच्या हंड्यावरचं नाव

तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यावर कुणाचं नाव कोरलेलं आहे, हे तुम्हाला न बघता सांगता येईल का?

मला येत नव्हतं. छापलेलं दिसेल ते वाचायची मला लहानपणापासून खोड आहे. पुडीचा कागद, भिंतीवरच्या घोषणा, गिरणीच्या फाटकावरच्या नोटिसा, काही सोडलं नाही. पण आमच्या गल्लीच्या हंड्यावर काय लिहिलं आहे ते मी तुम्ही गेल्यावर वाचलं, नाना. म्हणून हे तुम्हाला उद्देशून लिहितो आहे. बाकीच्यांनी ऐकावं, कारण शेवटी काम त्यांच्याकडेच आहे.

परवा तुमचं तेरावं झालं. जेवणावळ गल्लीत, गल्लीच्याच भांड्यांत. तुमच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीही याच हंड्यात तापवलं होतं. पण तेव्हा चुलीवर चढवायचा म्हणून त्याला बाहेरून मातीचा लेप दिलेला होता, आणि डोळ्यांना काही दिसण्यासारखा तो दिवस नव्हता. तेराव्याच्या दुपारी सगळी भांडी नळकोंडाळ्यावर घासायला काढली. नळ जायची वेळ झाली होती, म्हणून मी बादल्या भरून देत होतो. माझी आई आणि शेजारची नरसम्मा, जी विड्या वळते आणि जिच्या पद्माचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, दोघी मोठा हंडा चिंचेनं आणि राखेनं घासत होत्या. लेप गेला, पितळ वर आलं, आणि हंड्याच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं दिसली.

ज्ञानोबा बाळोबा, मु. मंद्रूप.

मी पुन्हा वाचलं. मग परात उचलून बघितली, मग घंगाळ, मग दोन्ही पातेली. सगळीकडे तेच.

"आई, हे कधीपासून आहे?"

"काय?"

"ही अक्षरं."

"लई वर्सं झाली की. दुष्काळाच्या आदीपासनं हाईत." तिनं राखेचा हात पुन्हा त्यावरून फिरवला. "आपल्या गल्लीचं नाव हाय न्हवं ते?"

"आमी पन तसंच समजलो," नरसम्मा म्हणाली. "काय लिहिलंय, सांग की."

मी सांगितलं. नरसम्मा आधी हसली. "नानाचं व्हय? बरं झालं की. आठवण ऱ्हाईल."

तिला आठवणच वाटली. तेवढ्यात तुमचा मुलगा दत्तू आला. डोकं नुकतंच भादरलेलं, पायात चप्पल नाही. म्हणाला, "घासून झाली की भांडी आमच्या खोलीत ठिवा. रविवारी मांडववाल्याचा हातगाडा येतोय न्यायला. आता ती भाड्यानं जातील."

"गल्लीची भांडी आहेत, दत्तू."

"वाच की मग," तो म्हणाला. "तुला तर लई वाचता येतं. काय लिवलंय?"

कोंडाळ्यावर दहा-बारा बाया होत्या. एकही बोलली नाही.

त्या का बोलल्या नाहीत हे तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे लग्न निघालं की घरोघरची भांडी एका मांडवात गोळा होतात. पन्नास तांबे, तीस ताटं, कुणाची कुठली कळत नाहीत. लग्न उरकलं की म्हाताऱ्या बाया ओळीनं बसतात, शाळेतलं एखादं पोर भांड्यावरचं नाव मोठ्यानं वाचतं, आणि नाव निघेल त्या घरी ते भांडं जातं. त्यावर वाद नाही. मनातून खात्री असली की हा तांब्या माझाच, तरी नाव दुसऱ्याचं निघालं तर बाई हात मागे घेते. कुलूप, पावती, साक्षीदार काही न लागता आमच्या गल्लीत हजारो भांडी आपापल्या घरी पोचली ती या एका नियमावर. तो आमच्या बायांनी जपलेला प्रामाणिकपणा आहे. आणि त्याच प्रामाणिकपणानं परवा त्यांची तोंडं बंद केली. नाव नानांचं आहे, मग बोलायचं काय?

नाना, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

भांडी आली ते दिवस आठवतात तुम्हाला? मांडववाल्यानं एका लग्नात हंड्याचं भाडं अडवून धरलं होतं आणि वऱ्हाड उपाशी बसलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पारावर उभं राहून म्हणालात, "आपल्या घरातली मोड काढा. फुटका तांब्या, चेपलेली घागर, मोडका दिवा, काय असंल ते. समदं वितळवू आन् आपला हंडा करू. मग बघू कोण भाडं मागतंय."

भांडवल कुठून आणायचं, हा प्रश्न मी तोवर फक्त पत्रकांत वाचला होता. तुम्ही त्याचं उत्तर पोत्यात भरून खांद्यावर घेतलंत आणि दारोदार फिरलात. पोत्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. नरसम्मानं काठ उसवलेली बिंदगी, तिची पाण्याची घागर, दिली. कुणी तुटकी समई दिली, कुणी अडकित्त्याचा एकच पाय. ज्याच्या घरी पितळ नव्हतं त्यानं तांबटाच्या मजुरीतला वाटा उचलला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, असलेल्या एकानं कमरेतून पितळेचा जड तुकडा काढून तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो नुसता तोलला.

"हे गिरणीचं हाय."

"मालकाचंच हाय की, नाना. त्यानं आपलं किती खाल्लंय!"

"त्याचं भांडण फाटकावर भांडू. हितं उद्या अन्न शिजायचंय. चोरीचं पितळ आपल्या हंड्यात नको. हुतं तितं ठेवून ये, जा."

तो शिव्या देत गेला आणि ठेवून आला. त्या दिवशी मला वाटलं, मी ज्या माणसाबद्दल पत्रकांत वाचतो तो आमच्या गल्लीत राहतो.

आणि माझ्या आईनं तिचा तांब्या दिला. तो फुटका नव्हता, चेपलेलाही नव्हता. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला, त्यावर "कृष्णाबाई हिस वडिलांकडून" असं कोरलेलं. तिला अक्षर येत नाही, पण आपलं नाव कुठं आहे हे तिला अंगठ्याला कळायचं. पाणी पिताना ती अंगठा नेमका त्यावर ठेवायची. तुम्ही म्हणालात, "कृष्णे, हा चांगला हाय. ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "फुटकं दिऊन कुटं आपलं हुतंय व्हय, नाना?" आणि तिनं तो पोत्यात टाकला. आवाज झाला तेव्हा तुम्ही मान खाली घातली होती. मी पाहिलं आहे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, त्या हंड्यात काय वितळलं आहे.

भांडी आली आणि गल्ली मालकीण झाली. भाडं नाही. ज्यानं नेली त्यानं घासून, पालथी घालून परत आणायची. ज्याच्या घरी कार्य झालं त्यानं एक वस्तू वाढवायची, पळी द्या, झारा द्या, वाटी द्या. संच वाढतच गेला. दिवाळीनंतर कल्हईवाले बाबूभाई भाता घेऊन यायचे आणि दरवर्षी तोच विनोद करायचे. "मालिक कौन है इसका? पैसे किसकू मांगू?" तुम्ही म्हणायचात, "समदी गल्ली मालक." "हौ? फिर तो चाय भी समदी गल्ली की पियूंगा!" आणि खरंच ते घरोघरी चहा पीत फिरायचे, शेवटच्या घरी कप पालथा घालून.

वेशीपलीकडच्या वस्तीतून पहिल्यांदा मागणी आली तेव्हा चार घरांनी कुरकुर केली. त्यांच्यात गेलेला हंडा आपल्यात कसा आणायचा? तुम्ही आवाज चढवला नाही. "इस्तवावर ठेवला की हंडा शुद्ध हुतो. तुमी कशावर ठेवल्यावर शुद्ध व्हाल, ते सांगा." हंडा गेला. तुम्ही त्या लग्नात जेवून आलात आणि मला बरोबर नेलंत. यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. रागात आहे म्हणून हे लिहायचं टाळणार नाही.

आता आपलं भांडण.

एक परात मंद्रूपच्या लग्नाला गेली आणि आली नाही. भांड्यांवर नाव नव्हतं. ती कोरी ठेवायची हे तुमचं माझं ठरलं होतं, कारण गल्लीत मराठे होते, पद्मशाली होते, लिंगायत होते, कुणाचं किंवा कुठल्या देवाचं नाव घालायचं यावरून आधीच फुटायची वेळ आली होती. मंद्रूपला नाव वाचणाऱ्या पोरानं परात फिरवून बघितली, काहीच सापडलं नाही, आणि ती ज्याच्या दारात होती त्याचीच झाली. तुम्ही स्वतः बाजाराच्या दिवशी तिकडे जाऊन आलात. तुमचंच गाव, तरी रिकाम्या हातानं आलात.

"नाव घालाय पायजे," तुम्ही म्हणालात.

"मग गल्लीचं घाला."

"गल्लीला मंद्रूपात कोण वळखतंय? तितं माणसाला वळखत्यात."

"माणसाचं नाव घातलं की भांडं माणसाचं होतं, नाना."

"लेका पत्रक्या, तू लई शाना. परात गेली ती आणून दाखव मग."

"परात गेली तर दुसरी येईल. मालकी गेली तर परत येणार नाही."

तुम्ही हसलात. "बघू की," म्हणालात. तुमचं "बघू की" म्हणजे नाही असतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं, नाव घालायलाच नाही म्हणालात. मी जिंकलो असं समजून मी घरी गेलो.

आणि तुम्ही बाजारात नाव घालणाऱ्याकडे गेलात. त्याला काय सांगितलंत? हातोडी चालू असताना तुम्ही जवळ उभे होतात, की चहा प्यायला गेलात? एकेका भांड्यावर ठिपक्यांनी नाव घालायला वेळ लागतो, नाना. थांब म्हणायला भरपूर वेळ होता.

गेले दोन दिवस मी तुमच्या बाजूनं वकिली करून बघितली. मंद्रूपात ओळखावं म्हणून तुमचं नाव घातलंत, म्हणूनच "मु. मंद्रूप". त्यानंतर एकही भांडं हरवलं नाही, हेही खरं. तुम्ही कधी भाडं घेतलं नाही, कुणाला नाही म्हणाला नाहीत. मग सांगितलं का नाही? पारावर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. "नाव माझं घातलंय, भांडी तुमचीच हाईत." तुम्ही फाटकावर पोलिसांसमोर बोलणारा माणूस. हे वाक्य तुम्हाला जड गेलं?

मला वाटतं, ते तुम्हाला गोड लागलं होतं. तुम्ही आयुष्यभर पत्रकं लिहिलीत आणि खाली "एक कामगार" एवढंच छापलंत. मला अक्षरं शिकवलीत ती त्याच पत्रकांवर. मी विचारलं होतं, नाव का नाही? तुम्ही म्हणालात, "नाव आलं की माणूस आधी त्ये बघतो, मग काय लिवलंय त्ये बघतो." मी त्यावर विश्वास ठेवला. आणि तुम्ही कुठंतरी, एकदा, पितळेवर तरी आपलं नाव असावं म्हणून... मला हे वाक्य पुरं करवत नाही. माणसाला एवढं वाटू शकतं, हे मला कळतं. पण ते माझ्या आईच्या वितळलेल्या नावावर घालायचं नव्हतं.

आणि तिथं "मु. मंद्रूप" लिहिलं आहे. तुमची सगळी नोकरी या गल्लीत गेली. तुमची बायको याच गल्लीच्या खांद्यावर गेली, तुम्हीही गेलात. आम्ही तुमचा मुक्काम नव्हतो?

दवाखान्यात मी शेवटचं भेटायला आलो तेव्हा गिरणीचा तो खोकला तुम्हाला बोलू देत नव्हता. तरी तुम्ही विचारलंत, "कल्हई झाली का रं?" मी म्हटलं, झाली. "घासली कुणी?" "आई नि नरसम्मानं." "काय म्हणल्या का त्या?" "काय म्हणणार?" तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदललीत. तेव्हा मला वाटलं, तुम्हाला बायांची ख्यालीखुशाली हवी होती. आता ते "बरं" माझ्या कानातून जात नाही. अक्षरं कुणी वाचली का, हे विचारत होतात ना?

कुणी वाचली नव्हती, नाना. लग्नात पोरं वाचतात ती घरोघरची भांडी; गल्लीचा संच सगळ्यांच्या ओळखीचा, तो कधी वाचायला निघालाच नाही. आमच्या गल्लीत ज्यांना वाचता येतं ते कधी भांडी घासायला बसत नाहीत, आणि ज्या घासतात त्यांना वाचता येत नाही. तुम्ही वाचायला शिकवलंत ते आम्हा पोरांना. पत्रकांवर बोट ठेवून तुम्ही मला शिकवत होतात तेव्हा आई शेजारीच भाकरी थापत असायची. ती एकदा म्हणाली होती, "मला बी दावा की एक अक्षर." तुम्ही म्हणालात, "तू भाकरी कर, कृष्णे. तुजी भाकरी लई मोठं पुस्तक हाय." सगळे हसले. तीही हसली. ते अक्षर तुम्ही तिला दाखवलं असतंत, तर तिनं पहिल्याच वर्षी राखेच्या हातानं तुम्हाला विचारलं असतं. तुमचं गुपित तिच्या निरक्षरतेच्या आडोशाला इतकी वर्षं सुरक्षित राहिलं.

दत्तूवर माझा राग नाही. त्याची गिरणी बंद आहे, घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेली दोन पोरं आहेत, आणि बापानं काय ठेवलं म्हणून तो चाचपतो तेव्हा हाताला हंडाच लागतो. काल मी त्याच्याकडे गेलो होतो. "नानांनी तुला कधी सांगितलं होतं का, की ही भांडी आपली?"

"सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "पर न्हाईत आसं बी कधी सांगितलं न्हाय."

हाच तुमचा वारसा झाला. नरसम्मानं पद्माच्या लग्नाची पानं कमी करायला घेतली आहेत. भाड्याच्या हंड्यात सगळी गल्ली जेवू घालणं तिला परवडणार नाही. तिची बिंदगी ज्या हंड्यात आहे तोच हंडा तिनं भाड्यानं आणायचा. काल ती मला म्हणाली, "नाना आसते तर मी त्येंनाच जाऊन सांगितली आसते." तिला अजून तुमच्याकडेच दाद मागायची आहे. मलाही. म्हणून तर एवढं लिहिलं.

काल संध्याकाळी आई अजून कोंडाळ्यावरच असलेल्या हंड्यापाशी बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, यातलं कुठलं अक्षर काय ते दाखव. मी तिचं बोट धरून तुमच्या नावावरून फिरवलं. ती शेवटपर्यंत गेली, मग गळ्याच्या रिकाम्या भागावर अंगठा ठेवून म्हणाली, "हितं जागा हाय की लई."

मी आजवर म्हणत आलो की सगळ्यांच्या वस्तूवर कुणाचंच नाव नको. आईनं मला दुसरा रस्ता दाखवला. आमचा नियम नावाचा आहे ना? मग नियमानंच जाऊ. तुमचं नाव आम्ही खोडणार नाही. ते राहील, पण गर्दीत राहील. नाव घालणाऱ्याशी बोलणं झालं आहे, तो रविवारी सकाळी कोंडाळ्यावर येऊन बसेल. ज्या हंड्यावर सगळ्या गल्लीची नावं आहेत, तो मांडववाल्याच्या घरी पोचवायला कुठलंही पोर आणि कुठलीही म्हातारी तयार होणार नाही, हे मांडववाल्यालाही कळतं. दत्तूचं नावही घालू. त्याच्या आईनं दिलेलं पळीपंचपात्र मीच पोत्यात टाकलं होतं.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे मागणं. सध्या सभेला परवानगी मिळत नाही. भांडी घासायला परवानगी लागत नाही. रविवारी नळ यायच्या आत राख आणि चिंच घेऊन कोंडाळ्यावर या. ज्यांना वाचता येतं त्यांनी आधी बसा आणि घासा, हातगाडा येईल तेव्हा सगळी भांडी आपल्या हातांत असू द्या. आणि निघण्यापूर्वी घरात विचारा, आपल्याकडून त्या पोत्यात काय गेलं होतं आणि ते कुठल्या बाईचं होतं. तिचं नाव घेऊन या. ती असेल तर तिलाच घेऊन या.